एस अचानक गेला तर पिचिंग रोटेशन परत कसं उभं करतात? होसे फर्नांडेझ आणि मायामी मार्लिन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉल बघणारी मराठी माणसं कमी, पण जी आहेत ती मनापासून बघतात, आणि २०१६ च्या सप्टेंबरचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात. तेव्हा मायामी मार्लिन्सचा एस, म्हणजे टीमचा सगळ्यात भारी स्टार्टिंग पिचर होसे फर्नांडेझ बोट अपघातात गेला. मी तेव्हापासून या गोष्टीच्या मागे आहे, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. ज्यांनी आयुष्यात फक्त क्रिकेट बघितलंय त्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न केलाय.

रोटेशन म्हणजे नेमकं काय?

पिचर म्हणजे बॉल टाकणारा, क्रिकेटमधल्या बोलरसारखा. टीमचे पाच स्टार्टिंग पिचर असतात आणि ते पाळीपाळीने गेम सुरू करतात, यालाच रोटेशन म्हणतात. आज एकाने टाकलं की मग चार दिवस आराम आणि पाचव्या दिवशी परत त्याचा नंबर. एका गेममध्ये तो साधारण शंभर बॉल टाकतो, तेही जीव तोडून, त्यामुळे खांदा आणि कोपर परत ताळ्यावर यायला तेवढे दिवस लागतातच. क्रिकेटमध्ये बोलरला चार ओव्हरनंतर काढलं तरी संध्याकाळी परत आणता येतं, इथे तसं नाही, एकदा पिचर बदलला की तो त्या गेममधून कायमचा बाहेर. त्याच्यानंतर येतात ते रिलीफ पिचर, त्यांच्या ताफ्याला बुलपेन म्हणतात.

आता हिशोब बघा. सीझनला १६२ गेम, प्रत्येकी ९ इनिंग, म्हणजे साडेचौदाशेच्या आसपास इनिंग कोणीतरी टाकायच्याच आहेत, त्यातून सुटका नाही. पाचातला एक गेला की त्याचा वाटा उरलेल्यांच्या खांद्यावर येतो, अगदी शब्दशः खांद्यावर.

होसे फर्नांडेझ कोण होता? एवढं काय होतं त्याच्यात?

क्यूबातल्या सांता क्लाराचा मुलगा, जन्म ३१ जुलै १९९२. देश सोडून पळायचा तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा फसला, त्यात तुरुंगवासही झाला. चौथ्या वेळी २००८ मध्ये बोटीतून निघाले तेव्हा रात्री कोणीतरी पाण्यात पडलं, हा पंधरा वर्षांचा पोरगा मागचा पुढचा विचार न करता उडी मारून मोकळा, आणि जवळ पोचल्यावर कळलं की बुडणारी त्याची स्वतःचीच आई आहे. तिला घेऊन तो परत बोटीपर्यंत पोहत आला.

पुढे फ्लोरिडात टॅम्पाला शाळा, २०११ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या राउंडला चौदाव्या नंबरवर मार्लिन्सनी उचलला, आणि २०१३ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी थेट मेजर लीगमध्ये. १२ विजय (जिंकलेला गेम एका पिचरच्या नावावर लावतात), ई आर ए २.१९, नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा खेळाडू. ई आर ए म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरच्या नावावर लागलेल्या रन्स, जितका कमी तितका चांगला. २०१४ मध्ये कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन (फाटलेला लिगामेंट बदलायचं) झालं, वर्षभराहून जास्त बाहेर बसला, आणि परत येऊन २०१६ मध्ये १६ विजय, २५३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ई आर ए २.८६. घरच्या मैदानावरचा त्याचा आख्ख्या करिअरचा रेकॉर्ड २९ विजय आणि २ पराभव असा आहे.

पण आकडे सोडा. हा माणूस दुसऱ्याच्या होम रनवरही (क्रिकेटमधल्या सिक्ससारखा फटका) डगआउटमध्ये नाचायचा. एकदा कोलोरॅडोच्या ट्रॉय टुलोवित्स्कीने मारलेला सुसाट बॉल त्याने अंगावरून ग्लव्हमध्ये पकडला, टुलोवित्स्कीने थक्क होऊन विचारलं की खरंच पकडलास का, आणि हा हसत म्हणाला हो पकडला. मायामीत क्यूबातून आलेली हजारो कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी तो घरातला मुलगा होता. त्याची पाळी असेल त्या दिवशी स्टेडियमची हवाच वेगळी असायची.

२५ सप्टेंबर २०१६ ला काय झालं?

रविवारी पहाटे मायामी बीचजवळ त्याची बोट दगडी बंधाऱ्यावर आदळून उलटली, तो आणि त्याच्याबरोबरचे दोन तरुण तिघंही गेले. तो चोवीस वर्षांचा होता. पुढे सरकारी तपासात निघालं की बोट तोच चालवत होता, वेग खूप होता आणि त्याच्या शरीरात दारू आणि कोकेन सापडलं. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना हे लिहायला त्रास होतो, मलाही होतोय, पण बाकी दोन घरांचंही तेवढंच मोठं नुकसान झालंय त्यामुळे हे झाकून ठेवणं बरोबर नाही.

खरं तर त्याच रविवारी त्याची पाळी होती. ती एक दिवस पुढे ढकलून सोमवारी केली होती. ही गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मग सोमवारी पिचिंग कोणी केलं?

रविवारचा गेम रद्द झाला. सोमवारी न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध खेळायचंच होतं. अख्खी टीम १६ नंबरच्या, पाठीवर फर्नांडेझ लिहिलेल्या जर्सीत उतरली आणि होसेच्या जागी स्टार्ट दिला ॲडम कॉन्लीला, जो बोटाच्या दुखापतीतून नुकताच परत येत होता. त्याने तीन इनिंग टाकल्या, बाकीचा गेम बुलपेनने ओढला. सप्टेंबरमध्ये तेव्हा रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) चाळीस जणांपर्यंत वाढवता यायचं म्हणून निदान हात कमी पडले नाहीत, हेच जूनमध्ये झालं असतं तर दुसऱ्या दिवशीचा गेम टाकायला माणूस शोधत बसावं लागलं असतं.

मार्लिन्सकडून पहिला बॅटर डी गॉर्डन. तो डावखुरा, पण पहिल्या बॉलला होसेचं हेल्मेट घालून त्याच्यासारखा उजव्या बाजूने उभा राहिला, मग डावीकडे आला आणि बार्टोलो कोलोनला होम रन मारला. आख्ख्या सीझनमधला त्याचा पहिला होम रन. बेसेसवरून पळताना तो ढसाढसा रडत होता. मार्लिन्स ७-३ जिंकले, आणि नंतर सगळ्यांनी माउंडभोवती, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याभोवती जमून आपापल्या टोप्या तिथे ठेवल्या. मॅनेजर डॉन मॅटिंग्ली आदल्या दिवशी पत्रकारांसमोर बोलता बोलता रडायला लागला होता, इतका अनुभवी माणूस.

ज्यांना वाटतं की प्रोफेशनल टीम म्हणजे यंत्र, एक पार्ट काढला दुसरा बसवला, त्यांनी हा गेम शोधून बघावा.

सीझनच्या मधेच असं झालं तर टीमकडे काय पर्याय असतात?

पहिले दोन-तीन आठवडे निव्वळ ठिगळं. शेड्यूलमध्ये सुट्टीचा दिवस असेल तर पाचवा स्टार्ट वगळून चौघांवर चालवतात, मायनर लीगमधून (मेजर लीगच्या खालच्या लीग) पोरगा बोलावतात, नाहीतर बुलपेनवालेच दोन-दोन इनिंग वाटून घेतात. तेवढ्यात जनरल मॅनेजर फोनवर असतो, कोण विकायला तयार आहे ते बघत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २००२ चे सेंट लुइस कार्डिनल्स. २२ जूनला शिकागोतल्या हॉटेलच्या खोलीत डॅरिल काइल झोपेतच गेला, हृदयाच्या धमन्यांमध्ये अडथळे, वय फक्त ३३. इतक्या वर्षांच्या करिअरमध्ये एकदाही इंज्युरी लिस्टवर न गेलेला माणूस, प्रत्येक पाळीला हजर, म्हणजे मॅनेजर ज्याच्या भरवशावर रात्री झोपू शकतो असा पिचर. त्याच्याच चार दिवस आधी टीमचा लाडका कॉमेंटेटर जॅक बक गेला होता. त्यांनी जुलैत क्लीव्हलँडकडून चक फिनलीला आणलं, वय ३९, त्याने कार्डिनल्ससाठी ७ गेम जिंकले. जेसन सिमोन्टाकी नावाचा अठ्ठावीस वर्षांचा रूकी, ज्याला कोणी ओळखतही नव्हतं, त्याने ११ जिंकले. मॅट मॉरिस १७. टीमने ९७ गेम जिंकून डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, मारली.

२००९ चे एंजल्स पण तसेच. ८ एप्रिलच्या रात्री निक ॲडनहार्टने सहा इनिंगमध्ये एकही रन दिली नाही आणि काही तासांत एका दारुड्या ड्रायव्हरच्या धडकेत तो गेला, बावीस वर्षांचा. वर जॉन लॅकी आणि अर्विन सँटाना हे दोन मुख्य स्टार्टरही तेव्हा इंज्युअर्ड. तरी मॅट पामर नावाचा तिशीतला, करिअरभर मायनर लीगमध्ये घासलेला पिचर आला आणि ११-२ (११ विजय, २ पराभव) करून गेला. तेही ९७ जिंकले.

दोन्हीकडे पोकळी एकाने नाही भरली. तीन-चार जणांनी थोडी थोडी भरली, आणि त्यातला एक तरी असा निघाला ज्याची कोणी अपेक्षाच केली नव्हती. तो असा कोणी निघेल याची गॅरंटी मात्र कुठलाच मॅनेजर देऊ शकत नाही.

लीग काही मदत करत नाही का?

एका खेळाडूसाठी नाही. विमान अपघातासारखं काही होऊन एकदम अनेक खेळाडू गेले तर बाकी टीम्सकडून खेळाडू घेऊन ती टीम उभी करायची तरतूद मेजर लीगकडे आहे. एक गेला तर तुमचं तुम्ही बघा.

मार्लिन्सनी सरळ दुसरा एस का नाही घेतला?

पैसे आणि माल दोन्ही पाहिजे. त्या हिवाळ्यात मार्केटमध्ये मोकळा असलेला सगळ्यात भारी स्टार्टर होता रिच हिल, वय ३६, त्यालाच डॉजर्सनी तीन वर्षांचे ४.८ कोटी डॉलर दिले, यावरून बाजार किती कोरडा होता ते बघा. खरा एस होता क्रिस सेल, पण तो ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत मिळणार होता आणि बॉस्टनने त्याच्यासाठी योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक असे बेसबॉलमधले सगळ्यात महागडे तरुण खेळाडू मोजले. मार्लिन्सकडे असं द्यायला होतं काय? मायनर लीग आधीच रिकामी करून ठेवली होती. त्याच २०१६ च्या सीझनमध्ये प्लेऑफच्या आशेने फर्नांडो रॉडनीसाठी क्रिस पॅडॅक देऊन टाकला, अँड्र्यू कॅशनरसाठी जॉश नेलर दिला, आणि कॅशनर सीझन संपताच निघून गेला.

शिवाय जानेवारी २०१६ मध्ये वेइ-यिन चेनला पाच वर्षांचे ८ कोटी डॉलर कबूल केलेले. त्याचं कोपर बिघडलं, २०१७ मध्ये तो टाकू शकला फक्त ३३ इनिंग. पगार मात्र द्यायलाच लागतो.

मग त्यांनी प्रत्यक्षात केलं काय?

मायकल हिल तेव्हा बेसबॉल ऑपरेशन्स बघायचे. प्लॅन असा, की एस मिळत नाही तर स्टार्टरकडून पाच-सहा इनिंगच घ्यायच्या आणि पुढचं तगड्या बुलपेनवर सोडायचं. केनली जॅन्सनसारख्या मोठ्या क्लोजरच्या (गेमची शेवटची इनिंग टाकणारा रिलीफ पिचर) मागे लागले, तो हाती लागला नाही, मग ब्रॅड झिगलर आणि जुनिची ताझावा यांना प्रत्येकी दोन वर्षांसाठी घेतलं. रोटेशनमध्ये एडिन्सन वोल्केझला दोन वर्षांचे २.२ कोटी डॉलर, जेफ लॉकला साधारण तीस लाख, आणि जानेवारी २०१७ मध्ये सिनसिनाटीकडून ट्रेड करून डॅन स्ट्रेली. आधीपासून घरात होते टॉम केलर, कॉन्ली, चेन आणि होसे उरेन्या.

कागदावर बरं दिसतं. झालं असं की लॉकने एकही गेम जिंकला नाही, झिगलर आणि ताझावाचा सीझन वाईट गेला, वोल्केझचं ऑगस्टमध्ये टॉमी जॉन ऑपरेशन झालं. चांगलं सरप्राइज एकच, उरेन्या, १४-७. टीम ७७-८५. जियानकार्लो स्टॅन्टनने त्या वर्षी ५९ होम रन मारले आणि एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, तरी ७७. इतकं रन करूनही हरायचं म्हणजे भगदाड कुठे होतं ते सांगायला नको.

स्ट्रेलीसाठी लुइस कास्टियो देणं ही चूक होती का?

हो. आणि हे मी निकाल बघून म्हणत नाहीये, म्हणजे थोडं निकाल बघूनही, पण कारण वेगळं आहे.

आधी स्ट्रेलीला न्याय देऊ. होसेने २०१६ मध्ये १८२⅓ इनिंग टाकल्या होत्या, स्ट्रेलीने २०१७ मध्ये टाकल्या १८१⅔. जवळजवळ तंतोतंत! म्हणजे जे काम सांगितलं ते त्याने केलं, इनिंगचं भगदाड बुजवलं, ३३ स्टार्ट, एकही पाळी चुकवली नाही. पण त्याचा ई आर ए ४.२६. गुणाकार केला तर तेवढ्याच इनिंगमध्ये होसेच्या नावावर ५८ रन्स आणि याच्या नावावर ८६. अठ्ठावीस रन्सचा फरक. जाणकार साधारण दहा रन्सला एक विजय धरतात, म्हणजे जेमतेम तीन विजय. होसे असता तरी २०१७ मध्ये ही टीम ऐंशीच्या आसपासच राहिली असती, आणि त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये शेवटची वाइल्ड कार्ड जागा (डिव्हिजन न जिंकताही प्लेऑफमध्ये जायची) ८७ विजयांना गेली.

मुद्दा इथेच आहे. ऐंशीच्या आसपासच्या टीमने घाई कशाला करायची? कास्टियो तेव्हा चोवीस वर्षांचा, बॉल ताशी ९७-९८ मैलांनी टाकणारा, मायनर लीगमध्ये शिकत होता. गंमत म्हणजे जुलै २०१६ मध्ये तो सॅन डिएगोला आधीच देऊन झाला होता, पण बदल्यात आलेल्या कॉलिन रेचं कोपर पहिल्याच गेममध्ये गेलं म्हणून रेला परत पाठवून कास्टियोला परत घेतलं. नशिबाने घरी आलेला मुलगा सहा महिन्यांत पुन्हा देऊन टाकला, वर आणखी दोन खेळाडूही दिले. जून २०१७ मध्ये तो सिनसिनाटीकडून मेजर लीगमध्ये आला, १५ स्टार्टमध्ये ई आर ए ३.१२, पुढे ऑल-स्टार. स्ट्रेलीला मार्लिन्सनी २०१९ चा सीझन सुरू व्हायच्या आधी सोडून दिलं.

दुष्काळात पेरणीचं बियाणं दळून खाल्लं की त्या आठवड्याचं भागतं, पण पुढच्या पावसाला रानात टाकायला काही उरत नाही. मार्लिन्सनी अगदी तेच केलं. मला कळतं का केलं ते, ड्रेसिंग रूममधल्या पोरांना आम्ही हार मानली नाही हे दाखवायचं होतं, मालक जेफ्री लोरिया टीम विकायच्या तयारीत होता, आणि सगळेच दुःखात होते. दुःखात असताना असे व्यवहार करू नयेत असं माझं ठाम मत आहे.

वोल्केझच्या नो-हिटरबद्दल एवढं का बोलतात?

नो-हिटर म्हणजे समोरच्या टीमला गेमभर एकही हिट मिळू न देणं. आणि तो गेम हिशोबात बसत नाही म्हणून.

वोल्केझ डोमिनिकन रिपब्लिकचा. २०१५ मध्ये कॅन्सस सिटीकडून वर्ल्ड सिरीजचा पहिला गेम टाकायच्या दिवशीच त्याचे वडील गेले, घरच्यांनी टीमला विनंती केली की त्याला गेम होईपर्यंत सांगू नका, आणि तो काही माहीत नसताना टाकून आला. अंत्यविधी करून परत येऊन पाचवा गेमही त्यानेच सुरू केला, ज्यात त्यांनी ट्रॉफी जिंकली. त्या टीममधला त्याचा धाकट्या भावासारखा दोस्त योर्दानो व्हेंचुरा २२ जानेवारी २०१७ ला कार अपघातात गेला. आणि तेव्हा वोल्केझ मार्लिन्समध्ये आलेला, जिथे सगळे होसेसाठी रडतायत. म्हणजे ज्याला जागा भरायला आणलं तो स्वतःच तेवढं ओझं घेऊन आला होता.

३ जून २०१७, ॲरिझोनाविरुद्ध. पहिल्याच बॅटरशी पहिल्या बेसवर धडक झाली, घोटा मुरगळला, सगळ्यांना वाटलं हा आता बाहेर जातोय. नाही गेला. ९८ बॉल, १० स्ट्राइकआउट, एकही हिट नाही. दोन वॉक दिले (चार खराब बॉल झाले की बॅटरला फुकट पहिला बेस), तेही डबल प्लेमध्ये (एकाच बॉलवर दोघे बाद) पुसले गेले, त्यामुळे बॅटर आले बरोबर सत्तावीस. नववी इनिंग तिन्ही स्ट्राइकआउट. ३-०. त्याने तो गेम होसे आणि व्हेंचुरा दोघांच्या नावे केला, आणि त्या दिवशी व्हेंचुराचा सव्विसावा वाढदिवस असता.

त्या सीझनला वोल्केझने एकूण चारच गेम जिंकले. २.२ कोटी वाया गेले असं म्हणणारे म्हणोत.

खेळाडूंच्या मनाचं काय? त्यावर टीम काही करते का?

समुपदेशक येतात, प्रार्थना होते, पण खेळाडू बहुतेक आपले मार्ग आपणच काढतात. २००९ मध्ये एंजल्सनी ॲडनहार्टची जर्सी सीझनभर डगआउटमध्ये लटकवली, डिव्हिजन जिंकली तेव्हा त्या जर्सीवर शॅम्पेन आणि बिअर ओतली, म्हणजे तोही पार्टीत आहे असं. त्याच एंजल्सवर दहा वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली, १ जुलै २०१९ ला टायलर स्कॅग्स टेक्ससमधल्या हॉटेलात गेला, सत्तावीस वर्षांचा. १२ जुलैला घरच्या मैदानावर पहिला गेम, सगळ्यांच्या पाठीवर ४५ नंबर, गेमआधीचा मानाचा पहिला बॉल त्याच्या आईने टाकला, आणि टेलर कोलने दोन आणि फेलिक्स पेन्याने सात इनिंग टाकून दोघांत मिळून नो-हिटर केला. १३-०. त्यांच्या त्या वर्षीच्या रोटेशनचं पुढे काही भलं झालं नाही, ७२-९० ला संपले. ती एक रात्र मात्र तशीच आहे.

नवीन येणाऱ्या पिचरचीही बाजू बघायला हवी. तो त्या रिकाम्या पाळीला चढतो तेव्हा प्रत्येक खराब इनिंगनंतर स्टँडमध्ये लोक काय पुटपुटतायत ते त्याला माहीत असतं. कॉन्ली, स्ट्रेली, लॉक यांच्याबद्दल म्हणून मला कधी कडवट बोलवत नाही.

मग मार्लिन्सचं रोटेशन खरंच कधी उभं राहिलं?

वेळ लागला, खूप लागला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रूस शर्मन आणि डेरेक जीटर यांच्या ग्रुपने टीम घेतली आणि सगळं विकायला काढलं. स्टॅन्टन, येलिच, ओझुना, टीमचे मोठे बॅटर सगळे गेले. शहर चिडलं होतं आणि ते बरोबरच होतं, २०१९ मध्ये १०५ गेम हरले. पण ओझुनाच्या बदल्यात सेंट लुइसहून चार जण आले, त्यात एक उंच, शांत पोरगा होता सँडी अल्कांतारा. आणि लोरियाच्या शेवटच्या महिन्यांत, जुलै २०१७ मध्ये डेव्हिड फेल्प्स देऊन सिॲटलकडून घेतलेला पाब्लो लोपेझ. या वेळी पोरांना वेळ दिला. अल्कांतारा २०१९ मध्ये १४ गेम हरला तरी त्याची पाळी कोणी काढली नाही.

२०२० मध्ये प्लेऑफ खेळले. आणि २०२२ मध्ये अल्कांताराने २२८⅔ इनिंग टाकल्या, ई आर ए २.२८, सहा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने, आणि साय यंग अवॉर्ड, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा, एकमताने. मार्लिन्सच्या इतिहासात तो मिळवणारा पहिला पिचर. होसेला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. जो अवॉर्ड होसे आज ना उद्या घेणार असं सगळे धरून चालले होते तोच हा.

होसेचा एकच गेम बघायचा असेल तर कुठला बघू?

२० सप्टेंबर २०१६, वॉशिंग्टन नॅशनल्सविरुद्ध, घरच्या मैदानावर. आठ इनिंग, तीन हिट, १२ स्ट्राइकआउट, मार्लिन्स १-० जिंकले. जाण्याच्या पाच दिवस आधीचा. पुढची पाळी रविवारी होती, मग सोमवारी केली.